आठ मेच्या रात्री डेस्कवर

८ मे २०२५. गडहिंग्लज-चंदगडची डाक आवृत्ती, म्हणजे लांबच्या गावांसाठी आधी छापला जाणारा अंक, सोडायची गडबड चालली होती आणि कोल्हापूरच्या आमच्या डेस्कवरचा टीव्ही एकदम तापला. जम्मूत ब्लॅकआउट, आकाशात पाकिस्तानी ड्रोन. इथपर्यंत खरं होतं. जम्मू, पठाणकोट, उधमपूरच्या तळांवर हल्ल्याचा प्रयत्न झाल्याचं सैन्यदलांनीच जाहीर केलं होतं. पुढं मात्र काही वाहिन्यांनी विक्रांत युद्धनौकेनं कराची बंदर उद्ध्वस्त केल्याचं बेधडक सांगून टाकलं.

"आठ कॉलम मारूया, पानभर मथळा, उद्या सगळ्यांकडे असणार," सहकारी म्हणाला. नौदलाचा एक शब्दही आला नव्हता. पुरावा म्हणून मोबाईलवर आगीचा एक व्हिडिओ फिरत होता. त्यातलं एकेक दृश्य थांबवून इंटरनेटवर शोधलं, तर ते जानेवारीत अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात कोसळलेल्या विमानाचं निघालं. दुसऱ्या एका क्लिपमध्ये २०२० चा बैरूतचा स्फोट होता.

एवढ्यात फोन वाजला. शिरोळ तालुक्यातून एक बाई बोलत होत्या. त्या तालुक्यात सैनिक टाकळीसारखं गाव आहे, घराघरांत फौजी. "दादा, टीव्हीवाल्यांचं नगं. तुम्ही पेपरवालं म्हणून इचारतोय. आपली चौकी उडवली म्हणून व्हिडिओ आलाय, ते खरं हाय का? आमचं मालक पूंछकडंच हाईत. फोन लागंना ओ."

व्हिडिओ मागवून घेतला. 'ट्वेंटी राज बटालियन'ची चौकी उद्ध्वस्त, असं त्यावर लिहिलेलं. पलटणीचं नावच खटकलं. पीआयबी या केंद्र सरकारच्या माहिती यंत्रणेच्या फॅक्ट चेकचं पान उघडलं, तर खुलासा समोर होता: व्हिडिओ बनावट, अशी पलटणच भारतीय लष्करात नाही. लगेच बाईंना उलट फोन केला.

"मग मालक बरं हाईत न्हवं?"

याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. व्हिडिओ खोटा आहे, एवढंच मी छातीठोकपणे सांगू शकत होतो. पूंछमध्ये आदल्या दिवशी तोफगोळ्यांनी सामान्य माणसं मारली गेली, ही बातमी आम्हीच छापली होती. काळजी करू नका, असं म्हणायला जीभ रेटेना. वहिनी, मला जेवढं माहीत आहे तेवढंच सांगतो, म्हणालो. त्या क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "तेवढं तरी छापा की. समद्या गावाच्या मोबाईलवर आलंय. सासू जेवली न्हाई."

कारगिलच्या वेळी, १९९९ मध्ये, आघाडीची बातमी वार्ताहर, टीव्ही, पेपर यांच्या हातून घरी यायची. आता ती फौजीच्या घरात आमच्याआधी पोहोचते, आणि कोणी बनवली याचा पत्ता नसतो. त्या रात्रीनंतर दुसऱ्या दिवशी लष्कराच्या कर्नल सोफिया कुरेशी यांनी ३६ ठिकाणी अंदाजे ३०० ते ४०० ड्रोन आल्याचं सांगितलं. ते पाडायला सैन्य होतं. मोबाईलवरून घरात शिरणारं खोटं अडवणं हे पत्रकारांचंच काम आहे, आणि त्या रात्री आमच्यातल्याच काहींनी ते आणखी पसरवलं. याचा मला आजही संताप येतो.

कराचीची बातमी मी घेतली नाही. वाद झाला, आवाज चढले. मुख्य बातमी सैन्यदलांच्या निवेदनावर केली. पहिल्या पानावरची एक जाहिरात आत ढकलली आणि त्या जागी तीन कॉलमांची चौकट लावली: 'चौकी उडवल्याचा व्हिडिओ खोटा'. गडहिंग्लज-चंदगडची गाडी तोवर गेली होती. शिरोळच्या गाडीत मात्र चौकट असलेले अंक चढले.