कूलरच्या पाण्यापायी हायकोर्टात
मे २०२२, नागपूरचा उन्हाळा, डोकी आधीच तापलेली, अन् आमच्या कूलरचं पाणी शेजारच्या काकाजींच्या भिंतीवर जायचं त्यावरून वाजलं. भावाच्या हातात कूलरच्या स्टँडचा रॉड, काकाजींच्या पोराला दोन टाके. एफआयआर भादंवि कलम ३२४ (हत्याराने दुखापत), ५०४ (अपमान करून डिवचणं), ५०६ (धमकी). पुढे सगळं मिटलं, आता त्यांच्याकडचा वडाभात आमच्याकडे येतो.

मला वाटलं काकाजी ठाण्यात जाऊन केस मागे घेतील. नाही ना बाप्पा! केस सरकारची असते, अन् ५०४, ५०६ खालच्या कोर्टात आपसात मिटतात पण ३२४ नाही, म्हणून सिव्हिल लाइन्सला हायकोर्टाच्या बेंचसमोर एपीएल, म्हणजे एफआयआर रद्द करायचा अर्ज, टाकली. ज्या कलमाखाली हायकोर्ट केस रद्द करतं ते जुन्या सीआरपीसीचं ४८२ आता नव्या बीएनएसएस कायद्यात ५२८ झालंय, १ जुलै २०२४ पासून, गुन्हा जुना असला तरी आमचा अर्ज नव्याच कलमाखाली गेला.

अडकलो ते ठाण्यात. नाव नाही सांगत, त्याच एरियात राहायचंय. तपास अधिकारी बदलून गेलेले, नवीन साहेब म्हणे फाइल बघतो, तिकडे सरकारी वकील कोर्टात म्हणे ठाण्यातून माहिती आली नाही, वेळ द्या. तारीख. परत तारीख. मी चार चकरा मारल्या, एकदा तर दोन तास बाकावर बसून हवालदारसाहेबांचे तर्री पोहे बघितले. पाचव्यांदा एक शिपाई म्हणतो, अहो तुमची चार्जशीट तर कधीच कोर्टात गेली! काहून नाही सांगितलं आधी? आम्ही फक्त एफआयआर रद्द मागितला होता, आता अर्ज दुरुस्त करून चार्जशीट अन् खालची केसही त्यात घाला. गेला अजून एक महिना. तुम्ही अर्जाआधीच ई-कोर्ट्सवर एफआयआर नंबर टाकून बघा, समन्सची वाट बघत बसू नका.

बाकी सुनावणी दहा मिनिटांची. काकाजींना विचारलं दबाव आहे का, ते म्हणाले नाही साहेब, आता पाइप गच्चीवरून नेलाय. नुसता फिर्यादी पुरत नाही बरं, ज्याला लागलं त्याचंही शपथपत्र लागलं, पोरगं पुण्याहून आलं त्यासाठी. वकील म्हणाले, सुप्रीम कोर्टाचा ग्यानसिंग निकाल (२०१२) असल्या घरगुती भांडणांना कामी येतो, खून-बलात्कार-दरोड्यात समझोता चालत नाही. समझोता नसेल तर भजनलाल निकाल (१९९२), म्हणजे एफआयआर जशीच्या तशी खरी मानली तरी गुन्हा बनत नाही किंवा निव्वळ खुन्नस आहे, असं दाखवावं लागतं, ते अवघड.

अन् हो, आदेशाची सर्टिफाइड कॉपी खालच्या कोर्टात स्वतः नेऊन द्या. ठाण्यातही द्या, पोच घेऊन.