सोंडेचं टोक

सटाण्याचे एक डाळिंबवाले गेल्या पावसाळ्यात आमच्या नाशिकच्या प्रयोगशाळेत दोन डबे घेऊन आले. फळांना भोकं कोण पाडतंय, हे त्यांना विचारायचं होतं. एकात प्रकाश सापळ्यातला माल, दुसऱ्यात रात्री बॅटरीच्या उजेडात फळावरच धरलेला एक पतंग, तोही कापसात गुंडाळून. कापसाला खवले चिकटतात, पाय तुटतात. वहीच्या कागदाची त्रिकोणी पुडी करावी, तेवढी पुरते.

पहिल्या डब्यात अंगापेक्षा लांब सोंडेचा दांडगा पतंग होता, पोटाच्या बाजूंना गुलाबी पट्टे. "एवढी सोंड, हाच भोकं पाडणार!" सहकाऱ्यांनी भिंगसुद्धा न लावता निकाल दिला. तो होता अ‍ॅग्रियस कन्व्होल्व्हुली. सोंड लांब, पण मऊ; फुलातला मध ओढायची नळी. डाळिंबाच्या सालीपुढे तिचं काय चालणार? सापळ्यात सापडला म्हणजे चोर ठरत नाही, आणि रस शोषणारे पतंग दिव्याला फारसे येतच नाहीत.

दुसरा ताठ झालेला. मऊ पडावा म्हणून ओल्या वाळूवर, फिनॉलचे दोन थेंब टाकून, बंद डब्यात एक दिवस ठेवला. पुढचे पंख पार घासलेले. मागचा उघडला तर नारिंगी, काळी किनार आणि मधोमध काळा गोल ठिपका: युडोसिमा मॅटर्ना, फळातला रस शोषणारा पतंग. हाच ठिपका वाकडा, स्वल्पविरामासारखा असता तर त्याचाच भाऊबंद युडोसिमा फॅलोनिया म्हटलं असतं. मागच्या पंखाच्या मुळाशी एकच जाड राठ केस, म्हणजे नर. मादीला केसांचा झुबका असतो.

मग टाचणीने सोंडेचं वेटोळं उलगडलं. टोक तपकिरी, कडक, अणकुचीदार, त्यावर आकड्यांसारखे काटे. सोंडेचे दोन अर्धे भाग आळीपाळीने मागेपुढे सरकतात आणि साल कापत आत जातात. भोक टाचणीएवढंच, दाबलं की रस येतो. भोकाशी विष्ठा दिसली तर तो पतंग नव्हे, फळ पोखरणारी सुरसा अळी. आमच्या कसमादेत, म्हणजे कळवण-सटाणा-मालेगाव-देवळा पट्ट्यात, मात्र सडलेलं फळ दिसलं की आधी तेल्या या जिवाणूजन्य रोगाच्या नावाने फवारणी!

"मॅडम, याच्या अळीवर काय मारू?"

अळी डाळिंबावर नसतेच, ती गुळवेल आणि वासनवेलीवर वाढते, असं सांगितलं. ते गप्प झाले.

"गुळवेल मीच लावलीय बांधावर. आईच्या काढ्यासाठी. उपटू?"

उपटून किती फरक पडेल? पतंग लांबून उडत येतात, आणि बागलाणच्या डोंगरांत गुळवेल आहेच. फळांना पिशव्या घाला म्हटलं. ते झाडागणिक फळं मोजू लागले.