एन. दत्तांची वही: सातवा महिना

मागची नोंद लिहून तीन महिने झाले. वहीत आता एकेचाळीस गाणी झाली आहेत आणि रेकॉर्डी नऊ. त्यातल्या सहा छान वाजतात, दोन खरखरतात, एक माझ्या चुकीने गेली. तिचं पुढे लिहिते, म्हणजे तुमच्यापैकी कोणाची तरी वाचेल.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी एवढंच सांगते की मी एकाच संगीतकाराची गाणी जमवते आणि ऐकते. एन. दत्ता, म्हणजे दत्ता नाईक. मूळचे गोमंतकातले. सचिनदेव बर्मन यांच्याकडे सहायक होते, आणि १९५५ साली राज खोसलांच्या पहिल्या चित्रपटापासून, ‘मिलाप’पासून, स्वतंत्रपणे संगीत देऊ लागले. नाईक हे आडनाव एका अक्षरात गेलं आणि मराठी माणसाला आपला माणूस ओळखूच येईना. आमच्या सासूबाईंना ‘निंबोणीच्या झाडामागे’ तोंडपाठ. माझ्या दोन्ही मुलांना त्यांनी त्यावरच झोपवलं. पण जानेवारीत मी त्यांना विचारलं की आई, हे गाणं कोणाचं, तर त्या म्हणाल्या, “सुमन कल्याणपूरचं.” संगीत कोणाचं म्हटल्यावर बराच वेळ गप्प. नाव सांगितलं तर म्हणतात, “एन. दत्ता? तो तर हिंदीतला ना? मला वाटायचं कोणी पंजाबी असेल.” हिंदीवाल्या रसिकांशी बोलले, तर त्यांना ‘साधना’तलं ‘औरत ने जनम दिया मर्दों को’ माहीत, ‘धूल का फूल’ माहीत, पण याच माणसाने मराठीत काय केलं याचा पत्ता नाही. एकाच माणसाचे दोन चाहतावर्ग, आणि एकमेकांच्या गावीही नाहीत! माझी वही सुरू झाली ती या रागापोटी.

आता या तीन महिन्यांचं.

एप्रिलमध्ये नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात एका भांडीवाल्याच्या गोणपाटावर, पितळी समया आणि अडकित्त्यांच्या मधोमध, ईपींची, म्हणजे लहान रेकॉर्डींची, चळत दिसली. वरच्या सगळ्या आरत्या आणि भक्तिगीतं. मी उकिडवी बसून एकेक काढत गेले. उन्हाने वरच्या दोन रेकॉर्डी पापडासारख्या वाकल्या होत्या, पण खालच्या सरळ होत्या. तळाशी ‘अपराध’. १९६९चा चित्रपट, ‘सूर तेच छेडिता’ आणि ‘सांग कधी कळणार तुला’ यातलीच. पाकिटावर निळ्या शाईत कोणाची तरी सुबक सही आणि ‘लग्नाच्या वाढदिवसानिमित्त’ एवढेच शब्द. भांडीवाल्याने चाळीस रुपये सांगितले, मी घासाघीस केली नाही. तिच्याखाली ‘बाळा गाऊ कशी अंगाई’ही होती, ‘निंबोणीच्या झाडामागे’ हिच्यातच आहे, तीही घेतली. दोन्हींना मिळून शंभराची नोट दिली आणि सुटे घ्यायचे विसरून पुलापर्यंत चालत आले. त्याने मागून पोराला पळवत वीस रुपये पाठवले.

मे महिन्यात ती चूक झाली. पंचवटीतल्या एका जुन्या वाड्यातून ‘चंद्रकांता’ची लाखेची रेकॉर्ड मिळाली होती. १९५६, ‘मैंने चाँद और सितारों की तमन्ना की थी’, आवाज रफींचा, शब्द साहिरचे. वर धुळीचा आणि बुरशीचा थर. मी विनाइलच्या रेकॉर्डी जशा पुसते तशी स्पिरिटने पुसली. फडक्यावर काळा रंग आला, तेव्हा आधी वाटलं मळ निघतोय. तो मळ नव्हता, रेकॉर्डच होती. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, फर्निचरला पॉलिश करणाऱ्या कोणालाही विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. चकाकी गेली, खाचा बोथट झाल्या, आता गाण्यापेक्षा सुसाट वाऱ्यासारखा आवाजच जास्त येतो. मी दोन दिवस त्या खोलीत गेले नाही.

आमच्या गल्लीत रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत, वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी रेकॉर्ड हातात घेतली, उजेडात तिरकी धरली आणि म्हणाले, “पोरी, लाखेला फक्त पाणी. तेही डिस्टिल्ड. एक थेंब भांड्याचा साबण, मऊ ब्रश, खाचेच्या दिशेने फिरवायचा, आणि मधल्या कागदाला पाणी लागू द्यायचं नाही. लगेच पुसायचं, उभी करून वाळवायची.” तेव्हापासून तसंच करते. आणि दुसरी गोष्ट त्यांनीच दाखवली. ७८ची, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या लाखेच्या रेकॉर्डीची, सुई वेगळी. लाखेच्या रेकॉर्डीची खाच रुंद असते, तिला साधारण तीन मिलची (इंचाच्या तीन हजारांश) सुई लागते, एलपीची सुई त्या खाचेच्या तळाशी जाऊन खरवडत बसते. माझ्या प्लेअरच्या सुईला उलटी करायची छोटी दांडी आहे आणि तिच्यावर ७८ लिहिलेलंही आहे. मी ती कधी फिरवलीच नव्हती. ज्या दोन रेकॉर्डी खरखरतात असं वर लिहिलं, त्यातली एक दांडी फिरवल्यावर निम्मी सुधारली.

वेगाचं प्रकरण त्याहून महत्त्वाचं, कारण त्याने माझ्या वहीतली तीन पानं खोटी ठरवली. मी गाणं ऐकताना पेटीवर त्याची पट्टी शोधते आणि लिहून ठेवते. ‘सूर तेच छेडिता’ माझ्या प्लेअरवर जिथे लागलं, तिथेच ते आकाशवाणीवर ऐकलं तेव्हा लागेना. जवळजवळ अर्ध्या सुराने वर. मी आधी आकाशवाणीलाच दोष दिला. मग कागदी स्ट्रोब तबकडी छापून आणली. आपल्याकडे वीज पन्नास सायकलची, म्हणजे दिवा सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. त्या हिशेबाने ४५च्या वेगाला १३३ रेघा आणि ३३⅓ला १८० रेघा लागतात. वेग बरोबर असेल तर दिव्याखाली रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. (नव्या एलईडीखाली बहुधा हे दिसत नाही, जुन्या चोकची ट्यूबलाइट किंवा साधा बल्ब घ्या.) माझ्या रेघा चक्क मागे वाहत होत्या. आतलं रबरी चाक कडक होऊन घसरत होतं. चाक बदललं, रेघा थांबल्या, गाणं आपल्या पट्टीत आलं. तुम्ही पट्टी लिहून ठेवत असाल तर आधी रेघा तपासा. वेग सहा टक्क्यांनी कमी झाला तरी गाणं अर्धा सूर उतरतं, आणि गायकाचा आवाज नुसताच जरा भारदस्त वाटतो, संशय येत नाही.

हे झालं यंत्राचं. आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते.

चाक बदलल्यावर पहिली लावली ती ‘बाळा गाऊ कशी अंगाई’. १९७७चा चित्रपट, शब्द मधुसूदन कालेलकरांचे. रविवारची सकाळ, सासूबाई परातीत मेथी निवडत बसलेल्या. त्या सवयीने बरोबर गुणगुणू लागल्या. गाय गोठ्यात झोपली, चिऊताई घरट्यात झोपली, इथवर त्यांचा आवाज सुमनताईंच्या बरोबरीने. मग दुसरा अंतरा आला, ज्यात ती बाई बाळाला सांगते की मी देवकी नव्हे, माझ्या कपाळी यशोदेचं भाग्य आहे. इथे सासूबाई शब्द शोधू लागल्या. आणि तिसरा अंतरा सुरू झाला, रिकाम्या पाळण्याच्या दोरीचा. मेथीची काडी हातातच राहिली. गाणं संपल्यावर सुई मधल्या कागदाशी खट् खट् करत होती, तरी मी उठले नाही.

“हे मी कधी म्हटलंच नाही गं,” त्या म्हणाल्या. “पहिलं कडवं संपेपर्यंत पोरं झोपायची.”

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत हे असंच झालं असणार. आपण हे गाणं झोपवायला वापरलं आणि पहिल्या कडव्यालाच थांबलो. खरं म्हणजे ते न जन्म दिलेल्या आईचं गाणं आहे, आणि शेवटी तिच्या हातात फक्त पाळण्याची दोरी उरते. चित्रपटाचं नावच या शेवटच्या कडव्यातून येतं. एन. दत्तांनी इथे काय केलं ते मी पुन्हा पुन्हा ऐकलं. त्यांनी तिसऱ्या कडव्याला वेगळी चाल दिली नाही. गाय आणि चिऊताई ज्या सुरांत झोपली त्याच सुरांत ही बाई रडू आवरते. दुसरा कोणी असता तर इथे व्हायोलिनचा ताफा सोडला असता, पट्टी चढवली असती. यांनी अंगाई अंगाईच ठेवली, आणि म्हणूनच गळ्याशी आलेला हुंदका शब्दांत सांगितल्यावर आपल्यालाही जाणवतो. सगळं ओझं सुमनताईंच्या आवाजावर ठेवलं, आणि त्यांनी ते पेललं.

त्याच दुपारी मी ‘धूल का फूल’ ऐकलं, १९५९, यश चोप्रांचं पहिलं दिग्दर्शन. ‘तू हिंदू बनेगा ना मुसलमान बनेगा’. हे गाणं आपण सर्वधर्मसमभावाच्या कार्यक्रमांत ऐकतो, म्हणून मीही ते तसंच, भाषणासारखं ऐकत आले होते. पण चित्रपटात हे कोण म्हणतं? जंगलात टाकून दिलेलं मूल ज्याला सापडलं, ज्याने ते वाढवलं, तो अब्दुल रशीद. पडद्यावर मनमोहन कृष्ण. म्हणजे हाही यशोदाच! आपण जन्म न दिलेल्या लेकराला कडेवर घेऊन एक माणूस सांगतोय की तू मोठा होऊन कोण होशील. दोन गाण्यांत अठरा वर्षांचं अंतर, भाषा वेगळी, कवी वेगळे, एकात बाई आणि एकात म्हातारा, आणि चाल लावणारा हात एक. रफींचा आवाज तिथे मोकळा, छाती भरून. सुमनताईंचा इथे ओठातल्या ओठात. पण दोन्हींत शब्द चालू असताना वाद्यं मागे सरतात, ओळ संपली की मगच पुढे येतात. ‘साधना’तल्या गाण्यातही हेच. साहिरची ती नज्म आहे, मुखडा-अंतऱ्याच्या चौकटीत सहज बसणारी नाही. दत्तांनी लताबाईंना ती जवळजवळ सांगायला लावली, गायला कमी. बाई आणि जन्म यांबद्दलचंच तेही गाणं, १९५८चं.

सात महिन्यांत मला पहिल्यांदाच वाटलं की मी नुसती यादी करत नाहीये. या माणसाकडे शब्दाला वाट करून देण्याची समज होती, आणि ज्या काळात मोठमोठे वाद्यवृंद वाजत होते त्या काळात ही समज मिरवता येण्यासारखी नव्हती. त्यांचं नाव मागे पडलं त्याला हेही कारण असावं असं मला वाटतं. बी. आर. फिल्म्सचे ‘साधना’, ‘धूल का फूल’, ‘धर्मपुत्र’ हे तीन चित्रपट त्यांनी केले, आणि ‘गुमराह’पासून तिथे रवी आले. रवी गुणीच, तक्रार नाही. पण ‘धर्मपुत्र’मधलं ‘मैं जब भी अकेली होती हूँ’ ऐकलं की मला पुढचे न झालेले चित्रपट ऐकू येऊ लागतात.

एक चूक इथेच दुरुस्त करते. मागच्या नोंदीत ‘पाठलाग’ या मराठी चित्रपटातलं ‘या डोळ्यांची दोन पाखरे’ मी एन. दत्तांच्या खात्यात टाकलं होतं. ते दत्ता डावजेकरांचं. दोन दत्तांची गल्लत बाजारातही सर्रास होते, पाकिटांवर कोणीतरी पेन्सिलीने लिहिलेली नावं मुळीच खरी मानू नका. वसंतांचं तर विचारूच नका: वसंत देसाई, वसंत पवार, वसंत प्रभू. डावजेकरांवर खरं तर कोणीतरी वेगळी वही धरायला हवी. लताबाईंना हिंदी चित्रपटात पहिलं पार्श्वगायन त्यांनीच दिलं. आपल्यातले जे माझ्यासारखीच संगीतकार जयदेव यांची गाणी जमवत आहेत त्यांना एक विनंती: जयदेवही बर्मनदादांकडे सहायक होते. दोघांची साहिरबरोबरची गाणी शेजारी शेजारी लावून ऐकायची आहेत. ‘हम दोनो’ तुमच्याकडे, ‘साधना’ माझ्याकडे. एखाद्या रविवारी माझ्याकडे या, पेटी आहे, चहा आहे, सासूबाईंची मेथीची भजी आहेत.

सध्या पाऊस जोरात आहे. गेल्या आठवड्यात धरणातून पाणी सोडलं आणि नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं, त्यामुळे बुधवारचा बाजार भरला नाही. भांडीवाल्याकडे अजून एक चळत गोणीत बांधलेली आहे म्हणे. त्यात ‘मधुचंद्र’ असेल अशी आशा लावून बसले आहे. ‘ब्लॅक कॅट’मधलं ‘मैं तुम्हीं से पूछती हूँ’ चांगल्या अवस्थेत कोणाकडे असेल तर कळवा, बदल्यात माझ्याकडे ‘अपराध’ची दुसरी प्रत आहे, जूनमध्ये मिळालेली, जवळजवळ कोरी. चाळीस रुपयांवाली मात्र देणार नाही. तिच्यावर ती निळी सही आहे.