स्तोत्र ११९, बावीस कागद : अर्ध्या वाटेवरची नोंद

गेल्या वर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, मी बोरूने बायबलमधले स्तोत्र ११९ लिहायला घेतले, तेव्हा ईस्टरपर्यंत ते पूर्ण होईल असा माझा भाबडा हिशेब होता. आज फेब्रुवारीत अकरावा कागद दोरीवर वाळत आहे, म्हणजे काम नेमके अर्ध्यावर आले आहे. सुलेखन करणाऱ्या मंडळींसाठी, आणि विशेषतः चर्चच्या कामांतून स्वतःसाठी तासभरही न उरणाऱ्यांसाठी, हा आतापर्यंतचा जमाखर्च मांडत आहे.

हे स्तोत्र मी त्याच्या बांधणीसाठी निवडले. त्यात १७६ वचने आहेत, २२ कडवी आहेत आणि प्रत्येक कडव्यात आठ वचने आहेत. मूळ हिब्रूत एका कडव्याची आठही वचने एकाच अक्षराने सुरू होतात आणि कडवी आलेफपासून तावपर्यंत वर्णमालेच्या क्रमाने येतात. मराठीत अर्थ येतो, ही अक्षरांची वीण मात्र सुटते. म्हणून प्रत्येक कागदाच्या माथ्यावर मी त्या हिब्रू अक्षराचे नाव गेरूने लिहिते आणि प्रत्येक वचनाचे पहिले अक्षरही गेरूनेच काढते. सहावे कडवे, म्हणजे ४१ ते ४८ ही वचने, लिहिताना मला कवीची एक युक्ती समजली. ‘वाव’ने सुरू होणारे शब्द हिब्रूत फारच थोडे आहेत, पण ‘आणि’ या अर्थाचा उपसर्ग वावचाच असल्यामुळे त्याने आठही वचने ‘आणि’नेच उघडली. आपल्याकडे भेंड्यांत ‘ण’वर अडलेल्या माणसाला एवढीही सोय नाही! अडचणीतून असा मार्ग काढणारा हा कवी किती दिवस एकटा बसला असेल, हा विचार त्या कागदानंतर माझ्या मनातून गेलेला नाही.

आता साहित्याविषयी. बाजारात सहज मिळणाऱ्या चपट्या निबा रोमन लिपीच्या असतात आणि त्यांचा तिरका काप देवनागरीला उलटा पडतो, म्हणून मी बोरूच छाटते. (आमच्या माळव्यात त्याला बर्रू म्हणतात.) टोक दोन मिलिमीटर, अक्षराची उंची पाच टोकांएवढी म्हणजे दहा मिलिमीटर, आणि वेलांट्या-उकारांना श्वास घेता यावा म्हणून दोन ओळींत बावीस मिलिमीटरचे अंतर ठेवते. पंधरा बाय बावीस इंचांच्या कागदावर एक कडवे नीट बसते. कागद इंदूरच्या खजुरी बाजारातून आणते. शिरोरेषा मी शब्द पूर्ण झाल्यावर ओढते. आधी ओढली की अक्षरे तिला लोंबकळल्यासारखी दिसतात, निदान माझी तरी.

पावसाळ्याने मला दोन कागदांचा दंड केला. जुलैत वाव आणि जाइन, म्हणजे सहावा आणि सातवा कागद, लिहिले तेव्हा हवेतल्या ओलीने कागद सुस्त झाला होता आणि शाई प्रत्येक काठाला केसाळ होऊन पसरली. दोन्ही कागद सप्टेंबरात पुन्हा लिहावे लागले. त्यानंतर मी कागदाला तांदळाच्या पातळ खळीचा हात देते, तो पूर्ण वाळवते आणि गुळगुळीत गोट्याने घोटते. जुन्या पोथ्यांचा कागदही असाच खळ देऊन घोटलेला असे. घोटण्यात अर्धा तास जातो, पण बोरू मग लोण्यावरून फिरावा तसा फिरतो.

शाई घरीच करते. तिळाच्या तेलाच्या दिव्यावर पालथी वाटी धरून काजळी जमवते आणि ती बाभळीच्या डिंकाच्या पाण्यात खलते. काजळी पाण्यावर तरंगते, भिजत नाही. म्हणून आधी दाट डिंकपाण्याचे दोन-चार थेंब घालून ती चांगली मळावी आणि मगच हळूहळू पातळ करावी. पहिल्या खेपेस डिंक जास्त झाला आणि शाई चकाकून तडकली. काफच्या कडव्यात, ८३व्या वचनात, कवी स्वतःला धुरात टांगलेल्या कातडी बुधल्याची उपमा देतो. ती ओळ लिहीत असताना माझ्या बोटांना त्याच धुराची काजळी लागलेली होती, आणि नाताळानंतरची माझी अवस्थाही त्या सुकून आक्रसलेल्या बुधल्याहून फार वेगळी नव्हती.

त्या अवस्थेचे कारण असे. नोव्हेंबरच्या अखेरीस आमच्या घरी प्रार्थनासभा झाली आणि भिंतीला टेकवून ठेवलेला योदचा कागद सर्वांच्या नजरेस पडला. पुढच्या रविवारपासून कामे येऊ लागली: नाताळच्या नाटिकेचे फलक, संडेस्कूलच्या बक्षिसांची प्रमाणपत्रे, एका लग्नाच्या रौप्यमहोत्सवाचे स्वागतपत्र. ‘ताई, देवाने अक्षर दिले आहे, ते त्याच्याच कामी लागले पाहिजे,’ या युक्तिवादाला नकार देणे ख्रिस्ती घरात वाढलेल्या बाईला अवघड जाते. डिसेंबरभर बोरू रोज हातात होता, पण स्तोत्राची एकही ओळ पुढे सरकली नाही. त्या कामांविषयी माझा राग नाही. फलकावरचे अक्षर मात्र दहा फुटांवरून वाचता यावे लागते, ते वेळेत संपावे लागते आणि त्याचे कौतुक होते. पहाटे स्तोत्रासाठी लिहिलेल्या अक्षराला यातले काहीच नसते. जानेवारीत काफ सुरू केला तेव्हा हाताला घाईची सवय लागलेली दिसली, वेलांट्या आखूड पडत होत्या. पहिल्या चार ओळी मी फाडून टाकल्या.

शेवटी पाळकसाहेबांना भेटून सांगितले की महिन्याला एकच फलक लिहीन आणि तोही आठ दिवस आधी सांगितला तर. ते क्षणभर थांबले आणि ‘मग नाताळात दोन’ म्हणून हसले. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू शिष्यांना एकान्ती जाऊन विसावा घ्यायला सांगतो, पण मचवा किनाऱ्याला लागण्याआधीच लोक पायी धावत तिथे पोचलेले असतात. तो विसावा त्या दिवशी मिळतच नाही आणि संध्याकाळी येशू एकटाच डोंगरावर प्रार्थनेला जातो. हा भाग मी अनेकदा ऐकला होता, मचव्याकडे मात्र या वर्षीच लक्ष गेले.

माझी वेळ पावणेपाच ते साडेपाच. इंदुरात आमच्या भागात नर्मदेचे पाणी एक दिवसाआड पहाटे येते, त्यामुळे नळाचा दिवस लेखनातून वजा होतो. रविवारही जातो. उरतात आठवड्याच्या तीन पहाटा, आणि एका कागदाला आखणीसह नऊ लागतात. म्हणजे बावीस कागदांना सहासष्ट आठवडे. सुट्टीतली बायबलशाळा, आजारपणे आणि पाहुणे वेगळेच. हा गुणाकार आधी केला असता तर कदाचित सुरुवातच केली नसती.

लामेदचा कागद घोटून, आखून तयार आहे. उद्या नळाचा दिवस आहे, म्हणून ८९वे वचन परवा.