देवबागची मागची बाजू

मालवणजवळचं देवबाग म्हणजे दर्या आणि कर्ली खाडी यांच्यामध्ये दक्षिणेकडे निमुळती होत गेलेली वाळूची पट्टी. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला खाडी, मधे माडांच्या बागा आणि घरं. पर्यटकांची सगळी गर्दी समुद्राच्या अंगाला. मला यावेळी मागची बाजू बघायची होती, म्हणून पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, उधाणाचं पाणी उतरायला लागल्यावर होडी ठरवली. "खाडी बघूची असात तर सुकतीक येवा," म्हणजे ओहोटीला या, असं होडीवाल्या काकांनी आदल्या संध्याकाळीच बजावून ठेवलं होतं.

खाडीवरच्या नेरूरपार गावाच्या दिशेला थोडं आत गेल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं आणि वल्ह्याने होडी कांदळवनाला, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या मॅन्ग्रोव्हच्या जंगलाला, लावली. पाणी उतरलेलं, त्यामुळे तिवर नावाच्या कांदळझाडांची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली. या चिखलात हवा जवळजवळ नसतेच, म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. तिवराचं एक पान मी बोटाने पुसलं आणि बोट जिभेला लावलं. खारट! मुळांवाटे शिरलेलं जादा मीठ ते पानांवरून बाहेर टाकतं. उन्हात तिरकं धरलं की त्याचे बारीक कण चमकताना दिसतात. शेजारच्या कांदळाचं बी तर झाडावर असतानाच रुजतं. वीतभर लांब हिरव्या शेंगेसारखी रोपं फांद्यांना लोंबत होती. सुटली की खालच्या चिखलात उभी रुततात, नाहीतर भरतीबरोबर तरंगत दुसरीकडे जाऊन मूळ धरतात.

हा चिखल येतो कुठून? सह्याद्रीवरून नदी जी माती आणते ती इतकी बारीक असते की गोड्या पाण्यात तरंगतच राहते. खारं पाणी लागलं की त्या कणांच्या गुठळ्या होतात आणि त्या तळाशी बसतात. त्यात कांदळवनाचा पाला पडतो, कुजतो, सूक्ष्मजीव त्याच्यावर वाढतात, आणि ते खायला खेकडे, कोळंबी, बारीक मासळी जमते. आपण ज्याला दलदल म्हणून नाक मुरडतो ते हे अन्नाचं कोठार आहे.

काकांनी पाग, म्हणजे फेकायचं जाळं, टाकला. दोन शेवटे आणि एक काळुंदर हे खाडीतले मासे, आणि नखाएवढी पारदर्शक सुंगटं, म्हणजे कोळंबी. सुंगटं त्यांनी लगेच पाण्यात सोडली. "ह्येंका आता सोडलंव तर पुढे दर्यात गावतली," म्हणाले. त्या एका वाक्यात खाडीचं सगळं गणित आहे. कोळंबीच्या बऱ्याच जाती अंडी घालतात समुद्रात. तिथे जन्मलेली पिल्लं भरतीच्या पाण्याबरोबर खाडीत शिरतात, मुळांच्या आडोशाला काही महिने वाढतात आणि मोठी होऊन परत समुद्राकडे निघतात. खाडीतल्या कुर्लीची, म्हणजे मोठ्या खेकड्याची, मादी अंडी सोडायला समुद्राकडे जाते. जिताडा हा मासा गोड्या पाण्यापर्यंत वर चढतो आणि प्रजननाला खाडीच्या मुखाशी उतरतो. म्हणजे मालवणच्या बाजारात दर्याची म्हणून जी कोळंबी आपण घेतो, तिचं बालपण बहुधा अशाच एखाद्या खाडीत गेलेलं असतं. जून-जुलैत समुद्रात मासेमारीबंदी असते ती हवीच. पण खाडीतली पाळणाघरं उरली नाहीत, तर त्या बंदीने कितीसं साधणार?

आणि ती उरतील असं गृहीत धरू नये. महाराष्ट्राने २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन केला, २०२० मध्ये पांढरी चिप्पी या कांदळवनातल्या झाडाला राज्य कांदळवृक्ष म्हणून मान दिला. याचा मला मनापासून आनंद आहे. तरीही कोकणातल्या खाड्यांमधून वाळूचा उपसा होतो, किनाऱ्यावर भराव पडतो, वरच्या अंगाला पाणी अडतं. खाडीतून काढलेली वाळू किनाऱ्याला परत मिळत नाही. इकडे देवबागच्या पश्चिमेला पावसाळ्यात समुद्र जमीन खातो आणि आपण दगड टाकून तो थांबवू बघतो. नदी, खाडी आणि किनारा वेगवेगळ्या खात्यांचे विषय समजून चालणार नाही, हे मला तिथे होडीत बसून फार तीव्रतेने जाणवलं.

परतताना खाडी समुद्राला मिळते त्या संगमाकडे गेलो. २००४च्या त्सुनामीत वर आला असं गावात सांगतात तो वाळूचा उंचवटा लागला. तिथे वॉटर स्पोर्ट्सची झुंबड. पुढे, पलीकडच्या भोगवे गावाच्या बाजूला खाडीचं मातकट पाणी आणि समुद्राचं हिरवं पाणी यांच्यामधली रेघ स्पष्ट दिसते, तिच्यावर फेस आणि काटक्या जमतात, आणि कुरव पक्षी नेमके त्या रेघेवरच सूर मारत होते. दोन पाण्यांच्या सीमेवर खाणं गोळा होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक.

जाणार असाल तर दिनदर्शिकेत तिथी बघून जा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास सुकती खोल लागते, साधारण पहाटे आणि संध्याकाळकडे. अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे कमी भरती-ओहोटीचा काळ, असतो, पाणी फारसं उतरत नाही आणि मुळं झाकलेलीच राहतात. होडीवाल्यांना आधीच सांगा की डॉल्फिन नको, कांदळवन दाखवा. भाव वेगळा ठरवावा लागतो, पण ते आनंदाने नेतात.