लाल रेघा

सोमवार, जॉर्ज टाउन

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरची टार्गा टास्मानिया ही कार रॅली आज प्रोलॉगने, म्हणजे सुरुवातीच्या छोट्या फेरीने, सुरू झाली. टेमर नदीच्या मुखाजवळचं हे गाव. इथले रहदारीचे रस्ते बंद करून त्यांवरूनच गाड्या सोडतात. लोक आपापल्या अंगणात खुर्च्या टाकून सकाळपासून बसलेले. दादा चालवतो, मी शेजारी बसून पुढच्या वळणांच्या नोट्स वाचते. वहिनी आणि दादाचा एक मित्र मागून व्हॅन घेऊन येतात, त्यात जॅक, टायर, ब्रेक पॅड आणि डब्यात ठेपले. हीच आमची टीम. मेलबर्नहून रात्रभर फेरीने डेव्हनपोर्टला उतरलो तेव्हा आजूबाजूला ट्रेलरवर चढवलेल्या गाड्या बघून पोटात गोळा आला होता. आज पहिली स्टेज, म्हणजे घड्याळ लावून पळायचा रस्त्याचा पहिला तुकडा, संपल्यावर तो गेला.

टार्गा टास्मानिया १९९२ साली सुरू झाली. नाव सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओ या शर्यतीवरून घेतलं, ती तर १९०६ सालची. रेसिंग ड्रायव्हर जिम रिचर्ड्स इथे आठ वेळा जिंकले आहेत. आमच्यासारख्यांना हवी असते ती टार्गा प्लेट. प्रत्येक स्टेज नेमून दिलेल्या वेळेच्या आत संपवत शेवटपर्यंत पोचलात तर ती मिळते. मला ती फार हवी आहे, दादाला माझ्याहूनही जास्त.

मंगळवार, लॉन्सेस्टन

साइडलिंग, वेल्डबरो पास, एलिफंट पास. एका दिवसात तीन घाट आणि मधल्या लहान स्टेज वेगळ्याच. वेल्डबरोला दोन्ही बाजूंनी मर्टलची झाडं रस्त्यावर झुकलेली. रेकीला, म्हणजे स्पर्धेआधी रस्ता पाहून नोट्स तयार करायला, आलो तेव्हा मी ती डोळे भरून पाहिली, कारण तेव्हा रस्ता सगळ्यांसाठी खुला असतो आणि वेगमर्यादा पाळूनच जावं लागतं. आज माझी मान वहीत होती. नॅव्हिगेटरला स्पर्धेत रस्ता दिसतो तो कडेकडेने. बाकी सगळं पाठीला आणि कुल्ल्यांना कळतं. गाडी उचलली गेली की चढाचा माथा, पट्टे खांद्यात रुतले की दादाने ब्रेक दाबला, आणि मी बरोबर त्याच ओळीवर असायला हवं.

आम्ही मराठीतच बोलतो. "डावी तीन, ऐंशी, उजवी पाच, आवळतेय, कापू नको." आकडा लहान तेवढं वळण कठीण, मधला आकडा पुढच्या वळणापर्यंतच्या मीटरचा. "आवळतेय" म्हणजे वळण पुढे आणखी घट्ट होतं, "कापू नको" म्हणजे आतली कड कापायची नाही. खरी मेहनत आवाजाची असते. मी घाबरून भराभर वाचलं तर दादाचा पायही घाईत येतो, म्हणून शब्द वेळेवर आणि एकाच सुरात पडावा लागतो. आज एलिफंट पासला तो तसा पडला. खाली उतरल्यावर दादा काही बोलला नाही, फक्त माझ्या हेल्मेटवर टपली मारली.

आता लाल रेघांबद्दल लिहून ठेवते. रोज रात्री जेवण झाल्यावर आम्ही दुसऱ्या दिवसाच्या नोट्स उघडतो आणि लाल पेनने काही वळणांखाली रेघ मारतो. तिथे सेकंद सोडायचे. कारण काहीही चालतं: बाहेरच्या अंगाला झाड, सावलीतलं ओलं डांबर, किंवा नुसतंच "मला इथे बरं वाटत नाही." कुणी एकाने म्हटलं की रेघ पडते, वाद नाही. आणि गाडीत बसल्यावर ती पुसायची नाही. घड्याळ चालू असताना माणूस कशालाही हो म्हणतो, म्हणून हे टेबलावरच ठरवतो.

शुक्रवार, स्ट्रॉन

मधले दोन दिवस बरे गेले, लिहायला जमलं नाही. गन्स प्लेन्सच्या बाजूला एका शाळेतल्या पालकांनी सॉसेजचा स्टॉल लावला होता, त्यातून शाळेला पैसे मिळतात. त्या बाईंनी आमच्याकडून घ्यायचं नाकारलं.

आज हेलियर गॉर्ज. दरी खोल, नेचे रस्त्यापर्यंत आलेले, डांबर कधी सुकतच नाही. वर पाऊस. आमच्या वहीत तिथे लालच लाल. मध्यावर एक गाडी चरात तिरकी झालेली दिसली. त्रिकोण लावलेला होता आणि दोघंजण कडेला उभे राहून ओकेचा फलक दाखवत होते. फलक दिसला की पुढे जायचं. तो नसेल किंवा कुणाला लागलं असेल तर पहिल्या येणाऱ्याने थांबायचं, स्पर्धा तिथेच संपली तरी चालेल. मी "ओके आहे" म्हणाले आणि पुढची ओळ वाचली. आवाज हलला नाही. आता हे लिहिताना मात्र हात हलतोय.

शनिवार, होबार्ट

मिळाली! प्लेट मिळाली!

सकाळी क्वीन्सटाउनची ९९ वळणं. तांब्याच्या भट्ट्यांसाठी इथली झाडं तोडली, उरलेली धुराने मारली आणि पावसाने माती वाहून नेली, म्हणून डोंगर अजून बोडके आहेत. त्या उघड्या दगडांमधून रस्ता वर चढतो. मग माउंट ॲरोस्मिथ, सगळ्यात लांब स्टेज. वाचून वाचून घसा कोरडा पडला. ब्रेक तापून वास येऊ लागला तेव्हा पुढच्या रेघा जवळ होत्या, त्यांनीच गाडीला श्वास दिला. वहिनी शेवटच्या रेषेपाशी रडत होती, मग आम्ही तिघंही.

मे २०२२, मेलबर्न

गेल्या वर्षीच्या एप्रिलमध्ये टार्गा टास्मानियात तीन माणसं गेली, त्यातला एकजण माउंट ॲरोस्मिथवर. यंदा आणखी एक. ऑस्ट्रेलियातल्या डांबरी रॅली तूर्त थांबवल्या आहेत.

लोक म्हणतात, हौशी माणसांना असल्या रस्त्यावर सोडूच नये. मला हे पटत नाही, पण त्यांचा राग कळतो. विजेचे खांब आणि झाडं तिथेच असतात, रेसिंगच्या ट्रॅकसारखी मोकळी जागा नसते, आणि गाड्या मात्र दरवर्षी जास्त वेगवान होत आहेत. चालवणाऱ्याचा सराव त्या मानाने वाढत नाही. तयार नोट्स विकत मिळतात. पण दुसऱ्याच्या वहीवर भरवसा टाकून घाटात घुसणं मला कधीच मान्य नव्हतं. रॅली परत सुरू करायची असेल तर गाड्यांचा वेग खाली आणावा, आणि प्रत्येक टीमने प्रत्येक स्टेज स्वतः पाहिलेली असावी, हे सक्तीचं करावं. असं झालं तर आमच्यासारख्या टीम कमी होतील, कारण रेकीला रजा लागते आणि पैसेही. होऊ देत.

दादाने काल फोनवर विचारलं, "परत सुरू झाली तर बसशील?" मी म्हटलं, "बसेन, पण रेकी प्रत्येक स्टेजची दोनदा. आणि ॲरोस्मिथला मी म्हणेन तिथे रेघ." तो म्हणाला, "मग यंदाची सुट्टी साठवून ठेव."