ट्रेल नोंद: भुईकोटातला माणूस डोंगरात

भोरकडच्या डोंगरातली ३५ किमीची ट्रेल, म्हणजे डोंगरवाटांवरची पळण्याची शर्यत, झाली. वेळ ७ तास ४२ मिनिटं, कटऑफ, म्हणजे शर्यत संपवायची मुदत, ८ तासांचा. म्हणजे अठरा मिनिटांनी वाचलो. आज पाचवा दिवस आणि आज पहिल्यांदा कठडा न धरता जिना उतरलो.

सोलापुरात राहून चढाचा सराव करायचा म्हणजे पंचाईत. शहर सपाट, नान्नजकडचं माळरान सपाट, किल्ला तर नावातच भुईकोट. म्हणून ऑफिसशेजारची नऊ मजली इमारत पकडली होती. एका फेरीत साधारण २७ मीटर चढ, दहा फेऱ्यांत पावणेतीनशे. आठवड्यातून दोनदा, तीन महिने. दर फेरीला वर पोचलो की गुडघे वाचावेत म्हणून लिफ्टने खाली यायचो. या हुशारीचं काय झालं ते खाली सांगतो.

लांब पल्ल्याचा सराव कोजागरीने करून दिला. सोलापूर ते तुळजापूर सुमारे ४५ किमी, रात्रभर चालणाऱ्यांच्या गर्दीत मीही. पळायचा प्रश्नच नव्हता. पण इतके तास पायांवर राहायचं, डोळे मिटत असताना काहीतरी चावत राहायचं, हे तिथेच शिकलो. तामलवाडीच्या पुढे एक अनवाणी आजी मला मागे टाकून गेल्या. माझ्या पायात महागडे ट्रेल शूज होते, असो.

आता मुख्य नोंद. चढ चांगला गेला, जिन्यांचे पैसे वसूल. पहिल्या १८ किमीत माझ्या अंदाजापेक्षा मी वीस मिनिटं पुढे होतो. खाण्यात कडक भाकरी सपशेल फेल, घशाखाली उतरेना. शेंगाचटणी आणि तूप लावलेली गुंडाळलेली चपाती मात्र विसाव्या किमीला पाकिटातल्या गोड एनर्जी जेलपेक्षा खूप बरी लागली, मीठही पोटात गेलं.

मग डोंगराच्या सोंडेवरून उतार लागला. सुकलेलं गवत, खाली नुसता घसारा, म्हणजे सुटी, घसरणारी माती-खडी. भीतीने मी मागे रेललो, टाचा रोवत उतरलो आणि नेमकं तेच नडलं. मागे रेललं की वजन टाचेवर जातं, पाय सटकतो आणि प्रत्येक पावलाला मांडीला करकचून ब्रेक लावावा लागतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचं वजन सावरतो. सवय नसेल तर त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. खरं दुखणं एक ते तीन दिवसांत शिगेला पोचतं. पण माझ्या मांड्या २६ व्या किमीलाच थरथरायला लागल्या. शेवटचा सोपा मातीचा रस्तासुद्धा चालतच काढला. सोबतचा मित्र मागे वळून म्हणाला, "काय बे, चढताना बिबट्या, उतरताना म्हातारा?"

उपाय माहीत नव्हता असं नाही, फक्त केला नाही. उताराचा थोडा सराव आधी झाला असेल तर पुढच्या वेळी तोच उतार स्नायूंना खूप कमी दुखावतो, आणि हा फायदा काही आठवडे टिकतो. पावलं छोटी आणि भराभर, गुडघा किंचित वाकलेला, अंग उताराच्या बाजूला, नजर पायाशी नाही तर तीन-चार पावलं पुढे. सह्याद्रीच्या कुशीतल्या पोरांना हे आपोआप येतं. आपल्याला मुद्दाम घोकावं लागेल.

पुढचे सहा आठवडे: लिफ्टने वर, जिन्याने खाली. सुरुवात चारच फेऱ्यांपासून, कारण मांड्या अजून कुरकुरताहेत. एक आड एक रविवारी पहाटे तुळजापूरचा घाट, वर जायला मित्राची मोटरसायकल, उतरायला माझे पाय.

काल इमारतीत जाऊन वॉचमनकाकांना नवीन बेत सांगितला. तीन महिने ते मला जिन्याने वर जाताना आणि लिफ्टने खाली येताना बघत होते. म्हणाले, "मी पहिल्या दिवशीच म्हणणार होतो, साहेब, तुमचं उलटं चाललंय."